कोकणच्या पाण्यासाठी घरी बनवलेला डाइव्ह लाइट

मालवण, तारकर्ली, निवतीच्या पट्ट्यात पाण्याखाली दिवा लागतो तो रात्रीपेक्षा भरदुपारीच जास्त. वर लख्ख ऊन असतं, पण खडकाच्या कपारीत शेवंड बसलीय की रिकामं बीळ आहे, एवढं बघायलाही उजेड हवा. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की सुरी घेऊन खाली उतरणाऱ्यालाही तो हवा. चांगला दिवा महाग पडतो. स्वस्तातल्या दिव्यांवर 'आयपी-६८' असा शिक्का असतो, पण त्याचा अर्थ उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या खोलीपर्यंतची हमी एवढाच, आणि ती खोली बऱ्याचदा दीड-दोन मीटरच असते.

हा दिवा ३० मीटरपर्यंत वापरायचा आणि ४० मीटरच्या दाबाला तपासायचा, अशा हिशोबाने मांडला आहे. सोल्डरिंग येत असेल आणि ओळखीचा चांगला लेथवाला असेल तर तो जमतो. बहुतेकांचं लक्ष एलईडी आणि ल्युमेनवर, म्हणजे उजेडाच्या मापावर, असतं. माझ्या मते उजेडाचा भाग एका संध्याकाळचा आहे. खरा वेळ आणि पैसा जायला हवा तो पाणी बाहेर ठेवण्यावर.

आधी आपलं पाणी बघा

लक्षद्वीप किंवा अंदमानसाठी बनवलेला दिवा इथे तसाच चालत नाही. आपल्याकडे नद्या गाळ आणतात. कर्ली तर देवबागच्या टोकालाच समुद्राला मिळते. शिवाय तळ वाळूचा, लाटा उथळ पाण्यात फुटणाऱ्या. पाण्यात सतत बारीक कण तरंगत असतात आणि आपण सोडलेला उजेड त्यांच्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. आंबोली घाटात धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यावर जे होतं तेच. म्हणून रुंद फाकणारा दोन हजार ल्युमेनचा दिवा इथे पांढरी भिंत उभी करतो आणि अरुंद झोताचा सहाशे ल्युमेनचा दिवा पलीकडचा खडक दाखवतो. फोटो-व्हिडिओसाठी रुंद झोत लागतो हे खरं, पण तो दिवा वेगळा आणि तो कॅमेऱ्यापासून लांब हातावर बसवायचा असतो.

दुसरी गोष्ट रंगाची. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल काळपट होतो आणि आणखी खाली गेलं की नारिंगीही फिका पडतो. आपलं पाणी हिरवट असल्याने हे आणखी जाणवतं. त्यामुळे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा एलईडी घेण्यापेक्षा ४००० ते ५००० केल्विनचा 'न्यूट्रल व्हाइट' घ्या. आकड्यात ल्युमेन थोडे कमी मिळतील, पण प्रवाळाचा आणि माशाचा मूळ रंग दिसेल.

एक फायदा फुकटात मिळतो. सपाट काचेतून प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो आणि झोत अरुंद होतो. हवेत मधल्या रेषेपासून १० अंश फाकणारा किरण पाण्यात साधारण साडेसात अंशांवर येतो. घरात भिंतीवर झोत जरा रुंद वाटला तरी लगेच रिफ्लेक्टर बदलायला जाऊ नका.

धड: कुठलं अॅल्युमिनियम

पीव्हीसी पाइपचा दिवा बनतो, पण प्लास्टिकमधून उष्णता बाहेर पडत नाही आणि नऊ-दहा वॅटचा एलईडी आत शिजतो. म्हणून धड अॅल्युमिनियमचं. धातूच्या दुकानात 'एचई-३०' मागा. ६०८२ या नावानेही हाच मिश्रधातू मिळतो. ६०६१ मिळाला तरी उत्तम. 'एचई-१५' मात्र घेऊ नका. त्यात तांबं बरंच असतं, तो ताकदीचा असला तरी खाऱ्या पाण्यात लवकर खड्डे धरतो. भंगारातला गज स्वस्त मिळतो, पण तो कुठल्या जातीचा हे नुसतं बघून कळत नाही, त्यामुळे इथे काटकसर नको.

५५ मिमी व्यासाचा साधारण १८० मिमी लांबीचा गज घ्या. त्यातून डोकं ५५ मिमीचंच ठेवायचं आणि मागची नळी बाहेरून ३४ मिमीपर्यंत उतरवायची. डोक्यात पुढून ३८ मिमीचा खळगा, त्यात रिफ्लेक्टर बसेल. मागून २४ मिमीचं भोक, त्यात सेल आणि वायरिंग. या दोन्हींच्या मध्ये ६ ते ८ मिमी जाडीची सलग भिंत सोडायची. एलईडी याच भिंतीला टेकतो. भिंत धडाचाच भाग असल्याने उष्णता थेट बाहेरच्या पाण्यात जाते. वेगळी चकती दाबून बसवली तर सांध्यात उष्णता अडते, म्हणून जास्त धातू कापावा लागला तरी सलग भिंतच करून घ्या. वायरींसाठी त्या भिंतीत अडीच मिमीची दोन भोकं पुरतात.

कुडाळ किंवा रत्नागिरीच्या एमआयडीसीत हे काम करणारे टर्नर सापडतात. कागदावर मापं लिहून न्या, तोंडी सांगू नका. "कितीचा फिट ठेवू?" असं लेथवाले काका विचारणारच. तेव्हा सांगायचं की बाकी सगळीकडे एक-दोन दशांश मिमी इकडेतिकडे चालेल, पण जिथे ओ-रिंग (पाणी अडवणारी रबराची गोल कडी) बसते तिथे पाच शतांशाच्या आत हवं, आणि तिथे टूलची रेघ दिसता कामा नये. शेवटचा कट बारीक घेऊन १००० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवून घासायला लावा. लांबीच्या दिशेने घासलं तर त्याच रेघांतून पाणी वाट काढतं.

ओ-रिंगची खाच, म्हणजे अर्धा दिवा

मागचं झाकण हा एकच भाग वारंवार उघडायचा आहे, म्हणून त्यावर दोन ओ-रिंगा. रचना अशी: नळीच्या तोंडाशी आतून एम-२८×१.५ चे (२८ मिमी व्यासाचे, १.५ मिमी अंतराचे) आटे, १२ मिमी लांब. त्याच्या आत २४ मिमीचं गुळगुळीत भोक. झाकणाला बाहेरून तसेच आटे आणि त्याच्या पुढे ११ मिमी लांबीचा प्लग, व्यास २३.९ मिमी. त्या प्लगवर दोन खाचा.

ओ-रिंग नाइट्राइल रबराची, ७० शोअर कडकपणाची, २.५ मिमी जाडीची घ्या. बोटीच्या इंजिनांचे भाग किंवा हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. खाचेच्या तळाचा व्यास २०.० मिमी ठेवायचा. भोक २४ आणि तळ २० म्हणजे दोन्ही बाजूंना २-२ मिमी जागा. त्यात २.५ मिमीची ओ-रिंग २० टक्के दाबली जाते. स्थिर सांध्याला १५ ते २५ टक्के दाब लागतो, तेव्हा हे माप मधोमध आलं. लक्षात घ्या, खोली प्लगच्या पृष्ठभागापासून मोजायची नसून समोरच्या भोकाच्या भिंतीपासून धरायची असते. इथे बरेच टर्नर अडखळतात. खाचेची रुंदी ३.३ मिमी. दाबलेल्या रबराला आडवं पसरायला जागा लागते, ती नसली तर झाकण आत जातच नाही किंवा रबर चिरतं. ओ-रिंगचा आतला व्यास तळापेक्षा २ ते ५ टक्के कमी असावा, म्हणजे १९.५ किंवा १९ मिमी. ती किंचित ताणून बसली पाहिजे.

२४ मिमीच्या भोकाच्या तोंडाला २ मिमी लांबीचा, १५-२० अंशांचा उतार द्या आणि त्याची कड हाताने पॉलिश करा. हा उतार विसरला तर पहिल्यांदा झाकण लावतानाच धारेने ओ-रिंगचा नखाएवढा पापुद्रा सोलून निघतो. तो पापुद्रा आत कुठेतरी पडतो, झाकण मात्र छान बसल्यासारखं वाटतं.

आट्यांची लांबी १२ आणि प्लगची ११ मिमी का, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. लिथियम सेल बिघडला तर वायू सोडतो आणि बंद धडात दाब वाढतो. झाकण फिरवून काढताना दोन्ही ओ-रिंगा भोकातून सुटून वायूला वाट मिळेल, तेव्हाही निदान दोन आटे धरून राहिले पाहिजेत. आटे आधी संपले आणि ओ-रिंगा नंतर सुटल्या, तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडू शकतं. पाण्यातून आणलेला दिवा उघडताना झाकणाचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडेच नको, ही सवय लावून घ्या.

काम झालं की अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवर संरक्षक थर, करून घेतलेलं चांगलं. नाही केलं तरी दिवा चालतो, फक्त वापरानंतरची धुलाई चुकवून चालत नाही. कडी-साखळीचे स्क्रू लावायचे असतील तर ३१६ स्टीलचे. ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. पितळेचे तर अजिबात नकोत, पितळ-अॅल्युमिनियमची जोडी समुद्रात अॅल्युमिनियमलाच खाते.

समोरची काच

काच म्हणजे ८ मिमी जाडीचं अॅक्रिलिक, 'कास्ट' प्रकारचं. ४६ मिमी व्यासाची चकती कापून घ्या. खळगा ३८ मिमीचा असल्याने चकतीला बसायला ४ मिमी रुंदीची पायरी मिळते. त्या पायरीत ४०×२ मापाच्या ओ-रिंगसाठी खाच काढायची: खोली १.५ मिमी, रुंदी २.६. दाब बाहेरून आत येतो आणि ओ-रिंगला मध्याकडे ढकलतो, त्यामुळे खाचेची आतली भिंत ओ-रिंगच्या आतल्या व्यासाला जुळली पाहिजे, म्हणजे ४० मिमी. काचेवर एम-४८×१.५ आट्यांची रिंग, तिच्या आणि अॅक्रिलिकच्या मध्ये नायलॉनचा पातळ वॉशर. वॉशर नसेल तर रिंग आवळताना चकतीला पीळ बसतो.

३० मीटरवर बाहेरचा जादा दाब साधारण ३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. ओ-रिंगच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १४ चौरस सेंटिमीटरच्या जवळ जातं, म्हणजे त्या एवढ्याशा चकतीवर ४२ किलोच्या आसपास भार. ८ मिमी अॅक्रिलिक तो सहज पेलतं. दाब जितका वाढेल तितकी काच ओ-रिंगवर आणखी घट्ट बसते, म्हणून पुढची रिंग पान्याने आवळायची गरज नाही. हाताने घट्ट झाली की पुरे. रिकाम्या धडाची चाचणी होऊन आतलं सामान बसवल्यावर हा सांधा लावला की पुन्हा उघडायचा नाही.

अॅक्रिलिकजवळ थिनर, अॅसिटोन, स्पिरिट आणि स्क्रूवर लावायचा लॉकिंग द्रव आणू नका. लगेच काही दिसत नाही, नंतर कडेने केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं बास.

एलईडी, ड्रायव्हर, रिफ्लेक्टर

क्रीचा एक्सएम-एल२ हा जुना झालेला पण सहज मिळणारा एलईडी २० मिमीच्या तांब्याच्या चकतीवर बसवलेला घ्या. तो ३ अँपिअरपर्यंत चालतो. भिंतीवर थर्मल पेस्टचा पातळ थर द्यायचा. जाड थर उष्णता नेण्याऐवजी अडवतो. चकती दाबून थोडी फिरवल्यावर कडेने जरा पेस्ट बाहेर आली की प्रमाण बरोबर. चकतीच्या कडेच्या खाचांतून दोन बारीक स्क्रू लावा.

रिफ्लेक्टर ३५-३७ मिमी व्यासाचा, गुळगुळीत आतल्या बाजूचा. खडबडीत रिफ्लेक्टरने झोत मऊ होतो, जो आपल्याला नको आहे. तो धातूचा असेल तर त्याची खालची कड एलईडीच्या सोल्डर केलेल्या टोकांना टेकून शॉर्ट होऊ शकते, म्हणून मध्ये प्लास्टिकची सेंटरिंग रिंग घालाच.

ड्रायव्हर म्हणून, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देण्यासाठी, '७१३५' चिपांचं १७ मिमीचं बोर्ड सोपं पडतं. एक चिप ३५० मिलिअँपिअर देते, आठ चिपांचं बोर्ड २.८ अँपिअर. चार चिपा काढून टाकल्या तर १.४ अँपिअर. करंट निम्मा झाला तरी उजेड निम्म्यापेक्षा जास्त राहतो, सेल दुप्पट वेळ चालतो आणि उष्णताही निवते. आपल्या पाण्यासाठी मी १.४ च पसंत करतो. झोत अरुंद असल्यावर तेवढा पुरतो. एकाच मोडचं बोर्ड घ्या. पाच मोड आणि लुकलुक असलेली बोर्डं स्वस्त मिळतात, पण पाण्याखाली स्विच हलला आणि दिवा डिस्कोसारखा लुकलुकायला लागला तर सोबतचा डायव्हर त्याला संकटाचा इशारा समजेल. या चिपांचा आणखी एक गुण म्हणजे सेल उतरत आला की उजेड हळूहळू मंदावतो, एकदम अंधार होत नाही.

स्विचसाठी धडाला भोक पाडायचं नाही

बटणासाठी भोक पाडलं की हलणारी ओ-रिंग आली, आणि हलणाऱ्या ओ-रिंगखाली वाळूचा कण जातोच. त्यापेक्षा आत रीड स्विच (काचेच्या नळीतली दोन पाती, चुंबक जवळ आला की मिटणारी) आणि बाहेर चुंबक ठेवा. अॅल्युमिनियम चुंबकाला अडवत नाही. २४ मिमीच्या भोकात साडेअठरा मिमीचा सेल एका बाजूला सरकवला की दुसऱ्या बाजूला रीडची काचेची नळी सहज मावते.

रीड स्विच नाजूक असतो. एलईडीचा सगळा करंट त्यातून नेला तर त्याची पाती चिकटतात आणि दिवा बंदच होत नाही. म्हणून रीडने फक्त मॉसफेट, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, चालवायचा. एओ३४०० हा ३ व्होल्टवरही नीट उघडतो. दोन समांतर लावले तर गरमही होत नाहीत. जोडणी अशी: मॉसफेटचा सोर्स सेलच्या ऋण टोकाला, ड्रेन ड्रायव्हरच्या ऋण टोकाला. गेट ते सोर्स १०० किलोओहमचा रेझिस्टर. गेट ते सेलचं धन टोक यांच्यामध्ये रीड. सेलचं धन टोक ड्रायव्हरच्या धन टोकाला थेट. रीड मिटला की दिवा लागतो, तुटला तर बंद राहतो. ड्रायव्हरच्या दोन एलईडी वायरी भिंतीतल्या भोकांतून पुढे न्या आणि भोकात त्यांना हीट-श्रिंकचं आवरण द्या, नाहीतर धातूच्या कडेने इन्सुलेशन सोलतं.

रीडची पाय-तार वाकवताना काचेजवळ चिमट्याने धरून ठेवा. थेट वाकवली की काच तडकते. आता चुंबकाची जागा. १०×३ मिमीची निओडिमियम चकती रीडच्या बरोबर मध्यावर आणली तर रीड बऱ्याचदा मिटतच नाही, कारण दोन्ही पात्यांवर सारखाच परिणाम होतो. चकती एका टोकाकडे सरकवली की 'टिक्' असा बारीक आवाज येतो. मल्टिमीटर लावून ही जागा बाहेरून पेनाने खुणा करून शोधा आणि मगच रीड आत चिकटवा. चुंबक डेलरिनच्या (एक कडक प्लास्टिक) फिरत्या रिंगमध्ये इपॉक्सीने पूर्ण गाडायचं. वरचा निकेलचा मुलामा खाऱ्या पाण्यात फुगतो आणि चुंबकाची भुकटी होते. हातात कंपास बांधत असाल तर दिवा दुसऱ्या हातात धरा, नाहीतर सुई चुंबकाकडे वळेल.

सेल

१८६५० मापाचा, ३००० ते ३५०० मिलिअँपिअर-तासांचा नामांकित कंपनीचा सेल घ्या. '९९००' छापलेले सेल बाजारात दिसतात. या आकारात तेवढी क्षमता मावत नाही, तेव्हा तो आकडाच त्या सेलची लायकी सांगतो. ३००० चा खरा सेल १.४ अँपिअरवर दोन तासांच्या आसपास जातो, २.८ वर तासाभर.

स्प्रिंगऐवजी वायर आणि एक्सटी३० प्लग वापरा. लाटेत बोट उड्या मारते तेव्हा स्प्रिंगचा संपर्क सुटतो. शिवाय धडातून करंट जात नसल्याने आत दोन थेंब गेले तरी धड गंजायला वेग येत नाही. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने आतलं सील बिघडतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्पॉट वेल्डिंग असतं. त्याच्याकडून निकेलपट्टी आणि एका सेलचं प्रोटेक्शन बोर्ड लावून घ्या. चार्जिंग नेहमी सेल बाहेर काढूनच. बंद धडात चार्जिंगची सोय करणं म्हणजे वायूला कोंडून ठेवणं.

चाचणी: आधी रिकाम्या धडाची

आत काही न बसवता, फक्त टिश्यू पेपरची सुरळी घालून झाकण लावा. पहिली परीक्षा घरातच होते. थंड धड गरम पाण्याच्या बादलीत बुडवा. आतली हवा प्रसरण पावते आणि सांधा गळका असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ निघते. कडेला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाका, पुन्हा आले तरच ते आतले.

दुसरी परीक्षा दाबाची. किनाऱ्याजवळ आपल्याकडे पाणी उथळ, त्यामुळे दोरीला बांधून ३० मीटर खाली सोडायचं तर बोट बरीच बाहेर न्यावी लागते. त्यापेक्षा शेतीच्या पाण्यासाठी मिळणारा ७५ मिमीचा, १० किलो दाबाच्या वर्गाचा यूपीव्हीसी पाइप घ्या. एका टोकाला बूच चिकटवा, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण आणि त्यावर गेज. सोल्युशन पूर्ण सुकायला एक दिवस द्या. धड आत ठेवून पाइप पाण्याने काठोकाठ भरा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, कारण दाबलेली हवा पाइप फुटल्यावर तुकडे उडवते, पाणी तसं करत नाही. पाइपलाइन तपासायचा हातपंप प्लंबरकडे असतो, त्याने दाब चढवा. वर गोणपाट टाकून ठेवा.

आधी फक्त अर्धा किलो दाब, दहा मिनिटं. अनेक गळत्या कमी दाबालाच होतात, कारण ओ-रिंग अजून कोपऱ्यात दाबून बसलेली नसते. खोलवर कोरडा राहिलेला दिवा पृष्ठभागावर पोहताना भिजतो तो यामुळेच. मग ४ किलोवर अर्धा तास. दाब सोडा, पुन्हा चढवा, असं चार-पाचदा. बाहेर काढून आधी नीट पुसा, मग उघडा, नाहीतर आट्यांतलं पाणी टिश्यूवर पडून उगाच गोंधळ होतो. टिश्यूचा कोपरा जरी मऊ लागला तरी ओ-रिंग बदलून सगळं पहिल्यापासून.

हे पास झालं की आतलं सामान बसवा आणि तीच दाबाची परीक्षा, आता दिवा चालू ठेवून, एकदा पुन्हा. हवेत हा दिवा मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका. त्याला थंड करणारं पाणीच असतं, ते नसलं की डोकं हाताला चटका देतं.

आतलं शेवटचं जुळणीचं काम पावसाळ्यात करू नका. जुलैतली दमट हवा आत कोंडली गेली तर थंड पाण्यात काचेच्या आतून धुकं धरतं. कोरड्या दिवशी, शक्य तर एसी असलेल्या खोलीत झाकण लावा आणि सिलिका जेलची छोटी पुडी आत ठेवा. सुपरग्लू आत वापरला असेल तर एक दिवस उघडं ठेवून मगच बंद करा. त्याच्या वाफेचा पांढरा थर काच आणि रिफ्लेक्टर दोन्हींवर बसतो.

पाण्यात नेताना

बंद करण्यापूर्वी ओ-रिंग बोटांत धरून ताणा आणि नखाच्या मागच्या बाजूवरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चीर नखाला लागते. एक केस, टॉवेलचा धागा किंवा वाळूचा कण आडवा बसला तरी तोच पाण्याचा रस्ता होतो. सिलिकॉन ग्रीस फक्त चकाकी येईल एवढंच. पाणी रबर अडवतं, ग्रीसमुळे ते घसरून नीट बसतं इतकंच. जास्त लावलं की वाळू चिकटते. खोबरेल तेल लावायचा मोह आवरा. ते पाण्यात टिकत नाही आणि उरलेलं चिकट होऊन कचरा धरतं. झाकण बोटीवर उघडू नका, घरीच लावून निघा.

दिवस निवडायचा तर भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हाचा. उधाणाला ओढ जास्त असते आणि तळ ढवळला जातो. भांगाला, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीत, पाणी त्यातल्या त्यात निवळ मिळतं. पहिल्या वेळी दिवा उथळातच न्या आणि सोबत विकतचा दुसरा दिवा असू द्या. घरचा दिवा एकुलता घेऊन रात्री किंवा बुडालेल्या बोटीच्या आत जाऊ नका. दिव्याची दोरी मनगटात पक्की गाठ मारून बांधू नका. ती जाळ्यात अडकली तर एका झटक्यात सुटायला हवी.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्या हद्दीत दिवा बघण्यासाठीच, कपारीतलं काही उचलायला नाही. एलईडीवरच्या मासेमारीला बंदी आहे आणि त्यावरून किनाऱ्यावर बरीच कटुता आहे. अंधार पडल्यावर होडीवरून पाण्यात प्रखर दिवा मारत बसलात तर कुणीतरी येऊन विचारणारच. रात्री उतरायचं असेल तर बंदरावर आणि आसपासच्या रापणकरांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) आधी सांगून ठेवा, आणि दिवा पाण्याखाली गेल्यावरच लावा.

परत आल्यावर झाकण न उघडता दिवा गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर ठेवा आणि चुंबकाची रिंग पाण्यातच दहा-वीस वेळा फिरवा, तिच्याखाली मीठ साचतं. नुसता नळाखाली धरला तर आट्यांतलं मीठ तसंच राहतं. पुरता सुकल्यावर, तोंड खाली करून उघडा.

मेअखेर डायव्हिंग थांबलं की सेल बाहेर काढून ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवून द्या. पूर्ण भरलेला चार महिने पडून राहिला तर लवकर म्हातारा होतो. झाकणाच्या दोन्ही ओ-रिंगा काढून टाका आणि नव्या ऑक्टोबरमध्येच घाला. दिव्याच्या सगळ्या सामानात त्याच सर्वांत स्वस्त आहेत. झाकण सैल लावून धड कोरड्या डब्यात ठेवा, आणि आट्यांना थोडं ग्रीस, नाहीतर पावसाळ्यानंतर ते पाइप पान्याशिवाय हलणार नाही.